गायरान राखायला निघालात? या चुका टाळा

वरातीतून निवृत्त झालेला किंवा येवल्याच्या घोडेबाजारात न खपलेला घोडा गायरानाच्या माळावर सोडून यायचं आणि त्याला ‘निसर्गात परत पाठवलं’ म्हणायचं, हे आधी बंद करा. मंगोलियात 1992 पासून जे प्रझेवाल्स्की घोडे परत आणले, ते मुळातच रानटी. तरी त्यांना आधी मोठ्या कुंपणात रुळवावं लागलं. आपला घोडा चंदीच्या खुराकावर वाढलेला. उन्हाळ्यात येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरकडे माणसांनाच टँकर लागतो, तिथे त्याने काय प्यावं? जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा रीतीने सोडणं 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

दुसरी चूक फोटोत फार छान दिसते. मोकळा माळ दिसला की ‘पडीक’ म्हणायचं, खड्डे खणायचे आणि गिरिपुष्प लावून मोकळं व्हायचं. अहो, माळ हेच तिथलं जंगल! ममदापूरच्या काळविटाला लांबवरचं दिसावं लागतं, चंडोल तर घरटंच जमिनीवर करतो. हात शिवशिवत असतील तर वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून येऊन माळ व्यापणारं काटेरी झाड, काढा, पण मुळासकट. नुसती छाटली तर बुंध्यातून चौपट फुटते. सगळी एकाच वर्षी काढू नका, गावातल्या बायकांचं सरपण तेच असतं. मोकळ्या झालेल्या जागेत पावसाच्या तोंडावर मारवेल, पवन्या या गवतांचं बी टाका.

तिसरी चूक गाव फोडते: मेंढपाळ वाडा (कळप आणि बिऱ्हाड) घेऊन बाहेर असताना ग्रामसभेत बारमाही चराईबंदीचा ठराव. मग रात्री मेंढरं आत शिरतात, भांडणं पोलिसांत जातात. त्यापेक्षा गायरानाचे तुकडे पाडा. एक तुकडा पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत बंद, बाकीचे खुले; पुढच्या वर्षी पाळी बदला. बंद तुकड्यातलं गवत बी गळाल्यावर विळ्याने कापून न्यायची मुभा हवीच. कुठला तुकडा थकलाय हे मेंढपाळालाच विचारा. टाकळा माजला असेल तर तिथे चराई जास्त झाली, हे तो उभ्या उभ्या सांगेल.

कागदाचं थोडक्यात: गायरान सरकारी मालकीचं, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. त्यामुळे आधी सातबारा आणि मोजणी, मग चर-बांध. अतिक्रमण निघालंच तर गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगणारा 2011 चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल तहसीलदारांपुढे ठेवा.

आणि पाणवठा बांधण्याआधी आजूबाजूच्या विहिरी बघा. बिनकठड्याच्या विहिरीत काळवीट पडतं, विशेषतः रात्री कुत्री मागे लागली की.