शुगर आहे आणि दमही लागतो? या चुका टाळा

मागे एक काका माझ्याकडे पीएफटीला, म्हणजे फुप्फुसाच्या तपासणीला आले होते. दुसऱ्या फुंकीलाच हात थरथरायला लागले, कपाळ घामाने डबडबलं. आधी मला वाटलं, जोर लावल्यामुळे असेल. ग्लुकोमीटर लावला तर साखर 58. "टेस्ट आहे म्हणून उपाशी आणलंय," काकू म्हणाल्या, "शुगरची गोळी मात्र सकाळीच दिली." तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली. टेस्ट दुसऱ्या दिवसावर गेली.

पीएफटी, म्हणजे लोकांच्या भाषेत फुंकायची टेस्ट, उपाशीपोटी करायची नसते. हलकं खाऊन या, गोळी नेहमीसारखी घ्या. पोट तट्ट भरलेलं नको, आणि पट्टा किंवा परकराची नाडी सैल ठेवा. इनहेलर घेत असाल तर त्या सकाळी घ्यायचा की नाही, हे आधी विचारून घ्या. मोतीबिंदूचं किंवा पडद्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर आल्या आल्या सांगा. जोरात फुंकताना डोळ्यातला दाब वाढतो. शुगरवाल्यांची ही ऑपरेशनं बरीच होतात, आणि "डोळ्याचा इथे काय संबंध" म्हणून कोणी सांगत नाही.

शुगरचा फुप्फुसाशी काय संबंध, हाही प्रश्न रोजचाच. डोळे, किडनी, पाय तपासायचे हे आता घरोघरी माहीत आहे. त्या यादीत फुप्फुस नसतं. पण वर्षानुवर्षं चढलेली साखर शरीरातल्या कोलॅजनला चिकटते, आणि फुप्फुस व छातीचा पिंजरा ताठर होतो. वायुकोशांभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, श्वासाचे स्नायूही काहींचे कमजोर पडतात. पूर्ण श्वास घेऊन जेवढी हवा बाहेर फुंकता येते ती, म्हणजे एफव्हीसी, त्यामुळे थोडी घटते. घट सहसा थोडीच असते आणि फुप्फुसाची शिल्लक मोठी, म्हणून एरवी जाणवत नाही. न्यूमोनिया झाला की जाणवते. फ्लूची दर वर्षीची लस आणि न्यूमोनियाची लस यांबद्दल डॉक्टरांना विचारा, असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठीच.

रिपोर्टमध्ये लोक फक्त रेशो बघतात, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा आणि एफव्हीसी या दोन आकड्यांचं प्रमाण. रेशो नॉर्मल म्हणजे नळ्यांत अडथळा नाही, इतकंच. शुगरमध्ये दोन्ही आकडे मिळून खाली येतात, त्यामुळे रेशो छान दिसतो. उलट एफव्हीसी कमी आली म्हणून घाबरूही नका. सुटलेल्या पोटाने ती कमी येते, आणि अर्धवट फुंकल्यानेही. मी "अजून, अजून, अजून" ओरडते ते उगाच नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, की सिरपच्या बाटल्या बदलत बसू नका. शुगर असलेल्याला टीबीचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो, आणि एक्स-रेवरचा डाग नेहमीसारखा वर न दिसता खालच्या भागात दिसू शकतो. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. टीबीची औषधं सुरू झाली तर शुगरच्या डॉक्टरांना जरूर कळवा, कारण त्यातलं रिफॅम्पिसिन ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा जोर कमी करतं. कोरडी ढास असेल आणि बीपीसाठी किंवा किडनीसाठी रॅमिप्रिल चालू असेल, तर कारण ती गोळीही असू शकते. डॉक्टर बदलून देतात, स्वतः बंद करू नका.

स्टेरॉइडच्या भीतीने इनहेलर सोडणारे तर ढिगाने भेटतात. इनहेलरमधला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, साखरेवर सहसा त्याचा फारसा परिणाम होत नाही. घेतल्यावर चूळ भरायला मात्र विसरू नका, शुगरमध्ये तोंडात बुरशी लवकर धरते. साखर चढवते ती स्टेरॉइडची गोळी. सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोन दुपारची आणि संध्याकाळची साखर वर नेते, तर उपाशीपोटीची पुष्कळदा ठीक दिसते. म्हणून ती चालू असताना जेवणानंतरचीही तपासा.

जिना चढताना नव्यानेच दम लागायला लागला, तर आधी ईसीजी काढा. शुगरमध्ये छातीत न दुखताही हृदयाचा झटका येतो, आणि वाढलेल्या वजनावर खापर फोडण्यात दिवस जातात.

आणि श्वास खोल, जोरजोरात चालू आहे, उलट्या होताहेत, पोट दुखतंय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, तर तो दमा समजून नेब्युलायझर लावत बसू नका. रक्तात कीटोन साचून आम्ल वाढलं की शरीर असा श्वास घेतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळीवर असलेल्यांत तर साखर फारशी चढलेली नसतानाही हे होऊ शकतं, त्यामुळे मीटरवरचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका. थेट कॅज्युअल्टीत न्या, आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.