वानरांची टोळी बघायची कशी: कोण कोणाजवळ बसतं, तिथून सुरुवात

वानरांची टोळी बगिच्यात उतरली की गावात दोनच प्रश्न विचारले जातात. "किती हायेत?" आणि "काय खाल्लं?" संत्र्याची कोवळी नवती डोळ्यांदेखत जाते तेव्हा हे प्रश्न येणारच. मी मात्र पोरांना तिसरा प्रश्न विचारायला लावते: कोण कोणाजवळ बसलं आहे? टोळीतली माया आणि टोळीतला ताण, दोन्ही याच प्रश्नापासून कळायला लागतात.

मी वरूड तालुक्यातली. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा संत्र्याचा बगिचा आहे, थोडं कपाशीचं वावर आहे. अमरावतीला प्राणीशास्त्र शिकले, आता शेती करते आणि संध्याकाळी गावातल्या पोरापोरींना विज्ञान शिकवते. ही रीत त्यांच्यासाठी बसवली. लागतं काय, तर एक वही, पेन आणि घड्याळ. दुर्बीण असली तर उत्तम, पण आपल्याकडची वानरं माणसाला इतकी सरावली आहेत की तिच्यावाचून अडत नाही.

सकाळी जा. वानरं रात्री उंच झाडावर मुक्काम करतात. आमच्याकडे जुनी चिंच आणि नाल्याकाठचा वड. उन्हं अंगावर येईपर्यंत ती फारशी हलत नाहीत, एकमेकांना बिलगून बसतात, आणि तेवढ्या वेळात दिवसभरात दिसणार नाही इतकं दिसतं. झाडाच्या अगदी बुडाशी जाऊ नका. खाली बसा, डोळ्याला डोळा देऊन टक लावू नका, सोबत कुत्रं नको आणि खिशात शेंगदाणे तर मुळीच नकोत. एकदा खायला मिळालं की ती तुमच्याकडे बघतात, एकमेकांकडे नाही.

पहिले काही दिवस फक्त ओळख करण्यात घालवा. कानाची खाच, शेपटीचा वाक, तुटलेलं बोट, ओठावरचा जुना व्रण अशा खुणा वहीत काढून ठेवा आणि नावं द्या. आमच्या पोरांनी "कानफाटी", "थोटी", "बुढी" अशी नावं दिली आहेत. लेकुरवाळ्या माद्या ओळखायला सोप्या: नवं पिल्लू काळपट असतं, काही महिन्यांनी त्याच्या अंगावर मोठ्यांसारखा राखी-पांढुरका रंग चढतो. बहुतेक टोळ्यांत एक मोठा नर, बाकी माद्या आणि त्यांची पिल्लं. वयात आलेले नर बाहेर पडून नरांच्या वेगळ्या टोळक्यात फिरतात. मुली मात्र आईच्याच टोळीत राहतात, म्हणून शेजारी बसलेल्या दोघी बहुधा मायलेकी, बहिणी किंवा मावशी-भाची निघतात.

ओळख झाली की नोंदी सुरू करा. दर दहा मिनिटांनी एकदा, ठरल्या वेळेला, संपूर्ण टोळीवर नजर फिरवायची. दिसेल त्या प्रत्येकाचं नाव, तो काय करतो आहे आणि हाताच्या अंतरात त्याच्या सर्वांत जवळ कोण आहे, एवढंच लिहायचं. मधल्या वेळात कितीही मजा घडली तरी ती या रकान्यात येऊ द्यायची नाही, मागच्या पानावर वेगळी टिपायची. हा नियम पोरांना जाचक वाटतो. पण माणसाचं लक्ष भांडणाकडे धावतं आणि शांत बसलेल्या दोघी नोंदीतून सुटतात. जवळीक तर त्या शांत बसण्यातच असते.

आता त्यांच्या अंगात काय चालतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय वही वाचता येत नाही.

या विषयातली बरीच माहिती आपल्या वानरांवरून आलेली नाही. ती आली दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या माकडांवरून. ईशान्य ब्राझीलमधलं मार्मोसेट वजनाला अर्धा किलोही भरत नाही. झाडाची साल कुरतडून डिंक खातं, कुटुंब करून राहतं आणि बहुधा जुळी पिल्लं देतं. ती पिल्लं एकटी आई सांभाळत नाही. बाप आणि मोठी भावंडं पाठीवर घेऊन फिरतात. १९८२ मध्ये असं दिसून आलं की पिल्लं पाठीवर वाहणाऱ्या नर मार्मोसेटच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं. प्रोलॅक्टिन म्हणजे आईच्या अंगात दूध तयार करणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन. नराला दूध नाही, तरी ते संप्रेरक त्याच्या अंगात चढतं. हे वर्गात सांगितलं तेव्हा एका पोराने विचारलं, "बाई, माणसात बी होते का?" हो, लेकरांत रमणाऱ्या बापांमध्येही हे संप्रेरक बदलताना आढळलं आहे.

दुसरं संप्रेरक ऑक्सिटोसिन. हे नाव गावात ठाऊक आहे, कारण म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून त्याचं इंजेक्शन देतात. ते करू नये. पण पान्हा फुटतो तो याच संप्रेरकाने, हे खरं. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पियूषिका ग्रंथीतून रक्तात उतरतं; मेंदूच्या आतही काम करतं. अवघ्या ९ अमिनो आम्लांची साखळी. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाच्या आणि आशिया-आफ्रिकेतल्या माकडांच्या साखळीत आठव्या जागी ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल असतं. मार्मोसेटमध्ये तिथे प्रोलीन हे दुसरं अमिनो आम्ल आहे, हे २०११ मध्ये उजेडात आलं. अमेरिका खंडातल्या इतरही काही माकडांत हाच बदल आहे. जोडीने राहणं आणि बापाने लेकरं वागवणं यांच्याशी त्याचा काय संबंध, यावर तेव्हापासून काम चाललं आहे.

कोलंबियातल्या कॉटन-टॉप टॅमरिन या माकडांच्या जोड्यांमध्ये लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं गेलं. ज्या जोड्या जास्त बिलगतात, एकमेकांच्या अंगावरून जास्त हात फिरवतात, त्यांच्यात ते जास्त निघालं, आणि जोडीतल्या दोघांचे आकडे एकमेकांशी जुळणारे निघाले. टिटी नावाचं माकड तर जोडीदाराच्या शेपटीला शेपटी गुंडाळून बसतं. त्याच्या पिल्लापासून आई दूर नेली तर त्याला फारसा ताण येत नाही, बाप दूर नेला तर येतो, कारण वागवतो बाप. माया जन्म देण्याने ठरत नाही, कोण रोज जवळ धरतं त्याने ठरते, हे मी त्यावरून घेतलं.

आता ताण. बिबट्या दिसला, फटाका फुटला, नवा नर चालून आला, की हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात येतं. त्याने साखर मोकळी होते, अंग पळायला तयार होतं. हे चांगलंच आहे. याच्याविना कोणी जगणार नाही. पण ताण उतरलाच नाही, दिवसामागून दिवस तसाच राहिला, तर पचन, रोगाशी लढण्याची ताकद आणि गाभण राहणं या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. कॉर्टिसॉल सकाळी वर आणि संध्याकाळी खाली असतं, म्हणून आजची सकाळ कालच्या सकाळशीच ताडून बघायची. आणि एका जातीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. मार्मोसेटच्या रक्तात कॉर्टिसॉल माणसाच्या कितीतरी पट असतं, तरी ते आजारी नसतं. त्याच्या पेशी त्या संप्रेरकाला कमी दाद देतात.

माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट पुढे आहे. मार्मोसेटला अनोळखी पिंजऱ्यात एकटं ठेवलं तर कॉर्टिसॉल चढतं. जोडीदारासोबत ठेवलं तर तसं चढत नाही. पिंजरा तोच, भीती तीच, फरक फक्त शेजारी कोण आहे याचा. म्हणून मी शेजाऱ्याचा रकाना सोडू देत नाही.

आपल्या वानरांची संप्रेरकं आपण झाडाखाली बसून मोजू शकत नाही. वागणं मोजता येतं. त्यात दोन गोष्टी धरा: उवा बघणं आणि खाजवणं.

उवा बघणं म्हणजे नुसत्या उवा काढणं नाही. आफ्रिकेतल्या टॅलापॉइन माकडांवर १९८९ मध्ये जे काम प्रसिद्ध झालं, त्यात असं दिसलं की दुसऱ्याने अंग निवडलं की मेंदूभोवतीच्या द्रवात एंडॉर्फिन वाढतं. हे शरीराचंच अफूसारखं द्रव्य आहे. उवा काढून घेताना माकडांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हेही मोजलेलं आहे. वहीत मात्र दिशा लिहा. "कानफाटी आणि बुढी उवा बघत होत्या" ही नोंद अर्धवट आहे. "कानफाटीने बुढीच्या बघितल्या, सहा मिनिटं, मग बुढीने परत केल्या" ही नोंद कामाची.

खाजवणं ही ताणाची खूण आहे. माकड अस्वस्थ झालं की स्वतःचं अंग खाजवतं, जांभया देतं, अंग झटकतं. आपला मोठा वानर ताणात दात करकरा वाजवतो, तो आवाज खालीही ऐकू येतो. पण उन्हाळ्यात धुळीनेही खाज येते, पावसाळ्यात गोचिडांनी. म्हणून एकट्या खाजवण्यावरून निकाल देऊ नका. त्यासाठी एक पक्की रीत आहे. टोळीत भांडण झालं की मार खाणाऱ्याला निवडा आणि पुढची दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा: किती वेळा खाजवलं, कोण जवळ आलं, आधी कोणी हात लावला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, भांडण नसताना, त्याच वानराकडे परत दहा मिनिटं बघा. दोन्ही पानं शेजारी ठेवा. फरक उरला तर तो भांडणाचा. माकडांच्या अनेक जातींत दिसलं आहे की भांडलेले दोघं पुन्हा जवळ आले की खाजवणं लवकर उतरतं. तुमच्या टोळीत असं होतं का, ते तुमची वही सांगेल.

आमच्या टोळीतली एक म्हातारी मादी विजेच्या तारेला लागून गेली. थोटी बहुधा तिची लेक, कायम तिच्याजवळ बसणारी. पुढचे दिवस तिच्या नावासमोर शेजाऱ्याचा रकाना रिकामा येत गेला आणि खाजवण्याच्या रेघा वाढत गेल्या. मग हळूहळू ती अशा माद्यांच्या उवा बघायला लागली ज्यांच्याजवळ पूर्वी कधी जात नव्हती. हे वाचून मला बोट्सवानातल्या ओकावांगो भागातल्या बबून माकडांवरचं काम आठवलं. तिथे ज्या माद्यांचं जवळचं नातेवाईक शिकारी जनावराने नेलं, त्यांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंश वाढले होते, आणि त्या माद्यांनी नंतर जास्त जणींशी उवा बघण्याचं नातं जोडलं. थोटीचं कॉर्टिसॉल कोणी मोजलं नाही. पण तिची पानं आणि ती बबूनची गोष्ट एकाच दिशेला जातात, आणि मला ते पटतं.

विष्ठेवरून ताण मोजतात ते असं: रक्तातली संप्रेरकं मोडून त्यांचे अंश विष्ठेत उतरतात, त्यामुळे प्राण्याला न पकडता, न सुई टोचता अंदाज येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची लॅकोन्स ही धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठीची प्रयोगशाळा हे काम करते. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेवर असाच अभ्यास झाला. पर्यटकांची आणि गाड्यांची वर्दळ असते त्या काळात ताणाची संप्रेरकं जास्त निघाली. पोरांना हे सांगा, पण वानरांच्या विष्ठेला हात लावू देऊ नका. तिच्यातून जंत आणि रोग येतात, आणि नमुना गोळा करायला परवानगी लागते.

आता बगिच्याचं. शेजारचे काकाजी मला म्हणाले, "तू वानेर पायत बसशीन, माह्या आंबिया बहाराचं काय?" त्यांचं नुकसान खरं आहे आणि त्यांना वानरं हाकलण्याचा हक्क आहे. हाकलण्याची पद्धत मात्र बदलता येते. झाडाला चहूबाजूंनी वेढा घालून फटाके फोडले तर टोळी फुटते, पिल्लं एकीकडे आणि आया दुसरीकडे होतात, आणि फुटलेली टोळी रात्रीपर्यंत त्याच शिवारात एकमेकांना हाका मारत फिरते. जंगलाची बाजू मोकळी ठेवा, दोघा-तिघांनी एकाच बाजूने सावकाश चालत जा, काळपट पिल्लाची आई उतरून पुढे जाईपर्यंत थांबा. काकाजींनी असं करून पाहिलं. टोळी एकत्र धुऱ्यापलीकडे गेली.

मोठ्या नराला पकडून दुसरीकडे सोडावं, असं कोणी ना कोणी सुचवतंच. जागा रिकामी झाली की बाहेरच्या टोळक्यातला नवा नर येतो, आणि नवा नर दूधपित्या पिल्लांना मारू शकतो. शिवाय वानराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं हे वनखात्याचं काम.

एकटं पिल्लू खाली सापडलं तर घरी आणून दूध पाजू नका. लोकांना दूर करा, कुत्री बांधा आणि लांबून वाट बघा. वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं पहिल्या दिवसापासून हातात घेतात, त्यामुळे आईच नाही, मावशीही उतरून उचलू शकते. कोणी आलंच नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि पिल्लू सापडलं ते नेमकं झाड सांगा, म्हणजे त्याला त्याच टोळीत परत सोडता येईल.

वही सुरू करायची असेल तर डिसेंबरात करा. आंबिया बहाराची फुलं जानेवारीनंतर येतात आणि टोळी बगिच्यात ठाण मांडते, हाकलाहाकली वाढते. त्याआधीची शांत दिवसांची पानं हाताशी असली तरच नंतरचा ताण किती वाढला ते ताडता येतं. पहिल्या पानावर तारीख, मुक्कामाचं झाड आणि काळपट पिल्लं किती, एवढं लिहा. दुसऱ्या पानापासून शेजाऱ्याचा रकाना.