आजोबांची दुनळी रायफल सांभाळताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ओळखीच्या घरून फोन आला. "भाऊ, आबाजींची दुनळी उघडतच नाही. एकदा येऊन पाहून द्या ना." परवाना मुलाच्या नावावर झालेला, कागद सगळे नीट, रायफलही मोठ्या मायेनं ठेवलेली. ठेवली होती मात्र बैठकीतल्या दिवाणात, मूळच्या चामड्याच्या पेटीत, कूलरच्या अगदी समोर. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत ताट्यांतून येणारी ओली हवा दर उन्हाळ्यात त्या दिवाणावर. पेटी उघडली तर आतल्या बनातीवर पांढरी बुरशी, उजव्या नळीच्या तोंडाशी तांबूस गंज, आणि नळ्या उघडायची कळ जागची हलेना.

जुन्या मालगुजारी वाड्यांमधून आलेल्या ज्या दुनळ्या मी पाहिल्या, त्यांत रानात झिजलेली विरळाच. कपाटात खराब झालेल्या पुष्कळ.

या रायफलीचा सगळा खटाटोप दुसऱ्या गोळीसाठी आहे. एकाच दस्त्यावर दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र लॉक, म्हणजे बार उडवणारी आतली यंत्रणा. पहिला बार पुरला नाही किंवा काडतुसाच्या बुडाची टोपी पेटली नाही, तरी दुसरं काडतूस आणायला बोल्ट ओढत बसायचं नाही. बोट मागच्या चापावर नेलं की झालं. आफ्रिकेत दाट झुडपात केप बफेलो पंधरा-वीस पावलांवरून अंगावर येतो, तिथे मुख्यतः याच कारणासाठी अजून दुनळी वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे फार चांगलं झालं. पण वारशाची रायफल जपणारे आहेत, रेंजवर चालवणारे आहेत, रीतसर परवानग्या काढून आफ्रिकेत जाणारेही थोडे आहेत. त्यांच्या हातून ज्या चुका वारंवार होताना पाहिल्या, त्या लिहितो.

काडतूस बसलं म्हणजे चालेल, असं समजणं

ही चूक जिवावर बेतते. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांच्या कंपनीनं .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस काढलं, ते जुन्या काळ्या दारूच्या सव्वातीन इंची पुंगळीत कॉर्डाइट ही नवी बिनधुराची दारू भरून. बाहेरून पुंगळी तीच, आतला दाब कितीतरी जास्त. त्यामुळे काळ्या दारूसाठी बनलेल्या रायफलीत नायट्रोचं काडतूस सहज सरकतं, आणि नळी फाटू शकते.

आपल्या भागात गोंधळ आणखी वाढतो. १९०७ मध्ये इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आणली. बंडखोरांच्या हाती मार्टिनी-हेन्री या इंग्रजी फौजेच्या जुन्या रायफलीला चालणाऱ्या गोळ्या पडतील ही भीती. मग विलायतेतल्या कंपन्यांनी .४७०, .५००/.४६५, .४७५ नंबर दोन अशी काडतुसं पुढे आणली. जुन्या घरांतून ही सगळी भेटतात, आणि नुसत्या डोळ्यांनी एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. .४५०/४०० तर तीन इंचीही आहे आणि सव्वातीन इंचीही. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

"आबाजी .४७० म्हणायचे" हा पुरावा नव्हे. नळ्या दस्त्यापासून सोडवून त्यांच्या बुडाचा सपाट भाग पाहा. तिथे लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात, आणि नायट्रो रायफलीवर बहुधा दारूचा व गोळीचा भारही कोरलेला असतो. ७५ आणि ५०० हे आकडे दिसले तर ७५ ग्रेन (वजनाचं एक बारीक माप) कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी. नायट्रोचा ठसा सापडला नाही, किंवा वाचता आला नाही, तर ती रायफल काळ्या दारूचीच समजायची. परवानाधारक कारागिराकडून चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून मापं घेतल्याशिवाय तिच्यात काहीही भरू नका.

पेटीत सापडलेली जुनी काडतुसंही उडवू नका. कॉर्डाइटला उष्णता सोसत नाही, तापलं की दाब चढतो. म्हणून तर गरम मुलखांसाठी कमी दारूची काडतुसं वेगळी भरत. पन्नास-साठ नागपुरी उन्हाळे काढलेली टोपी कधी पेटेल सांगता येत नाही. रेंजवर चाप ओढला, नुसता टक् आवाज आला आणि बार उडाला नाही, तर रायफल लगेच उघडू नका. तोंड निशाणाकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबा. उशिरा पेटणारा बार उघड्या रायफलीत फुटला तर पुंगळी तोंडावर येते.

नव्या काडतुसांबद्दलही एक सांगतो. आजकाल पूर्ण तांब्या-पितळेच्या एकजिनसी गोळ्या मिळतात. नव्या रायफलीत त्या उत्तम, पण जुन्या पातळ नळ्यांच्या खोबणींवर त्यांचा ताण पडतो. जुन्या रायफलीसाठी आत शिसं असलेली गोळी घ्या.

घरातलं तेल लॉकमध्ये सोडणं

विदर्भात जवस घराघरांत, त्यामुळे जवसाचं तेल हाताशी असतं. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला ते खरंच चांगलं. हवेत सुकून त्याचा टणक थर बनतो. पण हेच सुकणं लॉकच्या आत गेलं की चिकी होते. धरमपेठेतली कळ त्यानंच धरली होती. आबाजींच्या माघारी कोणीतरी दर दसऱ्याला पूजेआधी फटीफटींतून जवस सोडत आलं होतं. खोबरेल तेलही नको. ते डिसेंबरच्या थंडीत बाटलीत गोठतं, तसंच लॉकमध्येही. यंत्राला बंदुकीचं पातळ तेल, तेही थेंबभर. जास्त सोडलं तर ते दस्त्याच्या तोंडाच्या लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि पुढे धक्क्यानं तिथेच चिरतं. म्हणून साफ केलेली रायफल तोंड खाली करून ठेवावी. जवसानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

चामड्याची पेटी दाखवायला ठेवा, रायफल तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं. घराच्या आतल्या, कूलर न लागणाऱ्या भिंतीशी लोखंडी कुलूपबंद कपाट, त्यात सिलिका जेल, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाच्या फडक्यानं पुसणं. हाताच्या घामाचे डागही गंजतात. जुन्या टोप्यांची काडतुसं कधी उडवली गेली असतील तर नळीत क्षार उरलेले असतात. ते तेलानं निघत नाहीत. उकळतं पाणी नळीतून ओतायचं, कोरडं करायचं, मग तेल.

निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायचा आदेश आला, तर नळ्यांना आतून-बाहेरून ग्रीस लावून द्या, फोटो काढा, पावती घ्या, आणि परत आल्या दिवशीच साफ करा.

दोन्ही बार एकदम उडाले, तरी खांदा चोळत पुढे चालवणं

.४७० ची ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फुटांनी सुटते. असे दोन बार एकत्र खांद्यावर आले की दस्ता चिरू शकतो. आणि ज्या दुसऱ्या गोळीसाठी ही रायफल घेतली, तीच हातची जाते.

कारणं मुख्यतः दोन. पुढच्या चापानं उजवी नळी उडते, धक्क्यात बोट मागे जाऊन मागच्या चापावर आपटतं आणि डावीही उडते. इथे दोष पकडीचा. मूठ घट्ट धरा, किंवा पहिला बार मागच्या चापानं काढा; मग मागे जाणाऱ्या बोटाला दाबायला काही उरत नाही. दुसरं कारण लॉकमधलं: झिजलेली किंवा चिकीनं अर्धवट बसलेली अडकण (चाप ओढेपर्यंत लॉक ताणून धरणारा दात), जी धक्क्यानं सुटते. ते घरी तपासता येतं. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा, दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) घाला, पुढचा चाप ओढा, आणि जमिनीवर जाड रबर ठेवून दस्त्याचं बूड त्यावर दणकन टेकवा. आता मागचा चाप ओढा. टक् झालं तर डावं लॉक जागेवर होतं. काहीच आवाज आला नाही तर ते दणक्यानंच पडलं. अशी रायफल भरू नका, कारागिराकडे न्या. स्वतः उघडायला बसू नका. बाजारातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं त्या बारीक खाचांचे कान मोडतात.

स्नॅप कॅपशिवाय चाप ओढायची सवयही सोडा. टोपीवर आपटणारे स्ट्रायकर मोडतात, आणि जुन्या रायफलीचे तयार मिळत नाहीत.

नेम बिघडला म्हणून माशी घासणं

दोन्ही नळ्या समांतर नसतात. पुढच्या टोकाशी त्या किंचित जवळ आणून, मधली पाचर सरकवत, पुन्हा पुन्हा बार काढून डाखवलेल्या असतात. हे सगळं एका ठरावीक काडतुसासाठी. बार सुटताना उजवी नळी उजवीकडे आणि वर उसळते, डावी डावीकडे. ती उसळी गृहीत धरूनच नळ्या जुळवलेल्या असतात. काडतूस मंद असलं तर गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकमेकींपासून दूर पडतात. वेगवान असलं तर एकमेकींना ओलांडतात. मग लोक म्हणतात रायफल बिघडली, आणि कानसीनं माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, घासतात. घासलेली माशी परत येत नाही. आधी काडतूस बदलून पाहा. आणि नळ्या कडक लाकडावर टेकवून नेम तपासू नका, त्यानं उसळीच बदलते. हात मध्ये हवा, हाताखाली वाळूची पिशवी.

आफ्रिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. काही दुनळ्यांत उघडलं की सेफ्टी आपोआप परत लागते. घाईत पुन्हा भरलं आणि चाप नुसताच दबला, असं होऊ नये म्हणून कारागिराकडून ती यंत्रणा काढून घेतात. मग सेफ्टी लावायची जबाबदारी पूर्ण आपली.

धरमपेठेतली रायफल साफ व्हायला तीन आठवडे लागले. गंज वरवरचा निघाला. शेवटी नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि नखानं टिचकी मारली. नळ्यांमधल्या पट्ट्यांचा डाख सुटला असता तर फुटक्या मडक्यासारखा आवाज आला असता. आवाज घंटेसारखा आला, बराच वेळ खोलीत राहिला. आबाजींच्या सूनबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कपाट आतल्या खोलीत हलवलं आहे काकाजी, चला, जागा पाहून घ्या."