लपवलेलं वाय-फाय लॅपटॉपला सापडत नाही? आधी जुनी नोंद उडवा

घरच्या वाय-फायचं नाव लपवलं की लॅपटॉप हटून बसतो, आणि मग जो तो ड्रायव्हर पुन्हा टाकायला सांगतो. एखादा महाभाग थेट फॉरमॅट मारायला लावतो. यातलं काही करू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव दोन मिनिटं उघडं करा. तरीही जोडणी झाली नाही, तर घोळ लपवण्याचा नाही, पासवर्ड तपासा. झाली, तर नाव पुन्हा लपवा.

आता खरी मेख. नाव उघडं असताना राउटर सेकंदाला दहाएक वेळा ते पुकारत असतो. लपवल्यावर पुकारा चालूच राहतो, फक्त नावाची जागा कोरी असते. त्यामुळे हाक लॅपटॉपने मारायची असते, आणि नाव उघडं असताना लॅपटॉपने जपून ठेवलेल्या नेटवर्कच्या नोंदीत तशी परवानगीच नसते. विंडोज नुसतं वाट बघत राहतं. रीस्टार्ट करून ही नोंद बदलत नाही. ती उडवून नव्याने करणं सोपं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. तिथे आपल्या नावापुढे 'फरगेट' आणि लगेच वर 'अ‍ॅड नेटवर्क'. यादीत दिसणाऱ्या 'हिडन नेटवर्क'वर टिचकी मारू नका. सोसायटीत अशी तीन-चार दिसतात आणि त्यातलं आपलं कोणतं, हे कळायला मार्ग नसतो.

नाव हाताने टाइप करा. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. मोबाइलवरून कॉपी केलंत तर कधी कधी शेवटी एक स्पेस चिकटून येते, डोळ्यांना दिसत नाही आणि तासभर खाते. सिक्युरिटी टाइप, म्हणजे पासवर्डच्या सुरक्षेचा प्रकार, राउटरवर असेल तोच निवडा: डब्ल्यूपीए२ ला डब्ल्यूपीए२, अंदाजपंचे नको. आणि 'कनेक्ट इव्हन इफ धिस नेटवर्क इज नॉट ब्रॉडकास्टिंग' या चौकटीत खूण हवीच. सगळा खटाटोप या एका खुणेसाठी आहे. ती राहिली तर पुन्हा पहिल्यापासून.

मॅकवर वाय-फायच्या यादीत तळाशी 'अदर' आहे. तिथे नाव, सिक्युरिटी, पासवर्ड भरा, झालं.

नाव लपवून सुरक्षितता वाढते, हे मला मान्य नाही. वरची ती खूण केलेला लॅपटॉप स्टेशनवर, हॉटेलातही तेच नाव पुकारत फिरतो, आणि ऐकणाऱ्याला ते सहज ऐकू येतं. दणकट पासवर्ड ठेवा. तरी हौस असेल तर लपवा.

एवढं करून वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर लागतं पण ५ गिगाहर्ट्झवर लागत नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल, म्हणजे त्या लहरींतला ठरावीक क्रमांकाचा कप्पा, बघा. ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारला प्राधान्य असतं, म्हणून तिथे लॅपटॉप आपणहून हाक मारत नाही. जोडणी रेंगाळते किंवा होतच नाही. 'ऑटो' काढून ३६ ते ४८ मधलं एखादं चॅनेल पक्कं करा आणि राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत थांबा.