हॅलोविनची तयारी: थर्मल घ्या, बाकीचं नंतर बघू

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबर, त्या संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार कँडी गोळा करत फिरतात. पहिलं काम कॉस्च्यूम, आणि तो एक साइझ मोठाच घ्यायचा. पोराच्या मापाचा घ्यायचाच नाही, कारण आत थर्मल, म्हणजे थंडीचे आतले उबदार कपडे, जायचेत, वरचं आणि खालचं दोन्ही. आमच्या शिकागोकडे ऑक्टोबर संपताना काय हवा असेल याचा काही नेम नाही, २०१९ ला ऐन ३१ तारखेला ओहेअर विमानतळावर ३.४ इंच बर्फ पडला होता. आणि हे ऑनलाइन मिळणारे कॉस्च्यूम म्हणजे नुसतं पातळ पॉलिएस्टर, वारा आरपार जातो. थर्मल नसेल तर वरून जॅकेट चढवावं लागतं, जॅकेट चढवलं की स्पायडरमॅन गायब, आणि मग दारोदारी लोक विचारतात की तू कोण झालायस रे, आणि पोर भोकाड पसरतं. गेल्या वर्षी आमची वरात कोपऱ्यावरूनच परत आली. म्हणून सांगते, थर्मल. आणि ते आहे कपाटात कुठेतरी असं म्हणून सोडू नका, ऑक्टोबर लागला की काढून अंगात घालून बघा, गेल्या हिवाळ्यातलं आता पोटरीपर्यंतच येत असतं, आणि शेवटच्या आठवड्यात दुकानात आपला साइझ सोडून सगळे साइझ असतात.

कॉस्च्यूमचं अजून एक. वन-पीस असेल तर पोराला बाथरूममध्ये स्वतःचा स्वतः काढता येतो का ते घरी बघून घ्या. पाठीवर चेन असलेला ड्रॅगन दिसतो गोड, पण किंडरगार्टनच्या टीचरकडे अशी वीस पोरं असतात.

आता शाळा. २०२६ ला ३१ तारीख शनिवारी आहे, म्हणजे बहुतेक शाळांची पार्टी शुक्रवारी होणार आणि दारोदार फिरणं शनिवारी. एकच कॉस्च्यूम दोन्ही दिवस टिकेल अशा भ्रमात राहू नका, शाळेतून परत येताना शेपूट तुटलेलं असतं. शाळेत जुनं-साधं काहीतरी घालून पाठवा. शाळेचा ईमेल शेवटपर्यंत वाचा, काही ठिकाणी हॅलोविन म्हणतच नाहीत, फॉल पार्टी असते आणि कॉस्च्यूमला बंदी असते, आणि चालत असला तरी मुखवटा नाही, तलवार नाही, खोटं रक्त नाही. वर्गात मदतीला जायचं असेल तर व्हॉलंटियरचा फॉर्म आधीच भरावा लागतो, आदल्या दिवशी ऑफिसात जाऊन हसून काम होत नाही. साइन-अप शीट आली की त्याच मिनिटाला पेपर प्लेट आणि नॅपकिन धरा, उशीर केलात तर चोवीस पोरांच्या क्राफ्टची जबाबदारी गळ्यात पडते. खायचं काही नेणार असाल तर पॅकबंद, वर इन्ग्रेडियंट्स छापलेले, नट-फ्री. घरच्या चकल्या कितीही खुसखुशीत असोत, त्या घरीच. कॉस्च्यूम घालून पोरांची परेड निघते ती शाळेबाहेर असते, तेवढ्यापुरतं जॅकेट चालेल, वर्गात हीटर चालू असतो, तिथे थर्मल घालून पोर उकडून निघेल. थर्मल शनिवारी. शनिवारी विसरायचं नाही.

कँडी. फार लवकर आणली तर आपणच संपवतो, म्हणून आणून गाडीच्या डिकीत टाका आणि नवऱ्याला सांगू नका. रीसेस आणि स्निकर्स दोन्हीत शेंगदाणे असतात, त्यामुळे एक वेगळा बाउल ठेवा, स्टिकर, पेन्सिली, ग्लो स्टिक असलं काहीतरी, आणि दाराबाहेर निळसर-हिरवा भोपळा ठेवा. ॲलर्जीवाल्या पोरांच्या आईबापांना ती खूण कळते, २०१४ पासून देशभर चालू आहे. घरी कोणीच थांबणार नसेल तर 'एकच घ्या' अशी पाटी लावून बाउल ठेवता येतो, पण मिडल स्कूलची पहिली टोळी आली की तो रिकामा होतो, हे धरून चाला. भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर उत्तमच, त्यांना दाराशी खुर्ची द्या, पण आजीला आधी नीट सांगा की प्रत्येकाला एक, फार तर दोन. नाहीतर आजी मूठ मूठ भरून देते आणि सहा वाजताच कँडी संपते आणि दाराचा दिवा बंद करून बसावं लागतं.

भोपळा दोन-तीन दिवस आधीच कोरा, त्याच्या आधी कोरलात तर बुरशी येते, खारी कुरतडतात. आत बॅटरीची मेणबत्ती. दिवाळी आठवड्यावर आली आहे म्हणून पायरीवर पणत्या मांडायची हौस येईल, त्या दिवशी नको, केप घातलेली पोरं अंगणात हुंदडत असतात. बिया टाकू नका, तेल, मीठ, तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा.

प्रत्यक्ष संध्याकाळ. इकडे वेळ गाव ठरवतं, कुठे तीन ते सात, कुठे चार ते आठ, गावाच्या वेबसाइटवर बघा. जेवण साडेचारला, खिचडी किंवा वरण-भात, नाही म्हणाले तरी चार घास भरवाच, नाहीतर जेवणाच्या जागी चॉकलेट जातं आणि रात्री उलटी. मग आधी बाथरूम, मग थर्मल, मग कॉस्च्यूम. याच क्रमाने! कॉस्च्यूम घातल्यावर आठवलं तर कोणी काढू देत नाही, मेकअप झाला असेल तर विषयच संपला. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा टॉर्च, हातात ग्लो स्टिक, पायात रोजचेच बूट, लांब झगा असेल तर घोट्याच्या वर टाचून घ्या. दिवा बंद असलेल्या घराची बेल वाजवायची नाही. फोन चार्ज. पिशवी मजबूत.

परत आल्यावर उघडं रॅपर दिसलं की फेकायचं, कुत्रा असेल तर चॉकलेट उंचावर. दात घासा. त्याच रात्री घड्याळं एक तास मागे जातात, पोरं मात्र रविवारी पहाटे पाचलाच उठणार. उरलेली कँडी ऑफिसात. कॉस्च्यूम टाकू नका, महाराष्ट्र मंडळाच्या फॅन्सी ड्रेसला होईल.