सुटलेल्या फॉइलच्या शटरना हात लावण्याआधी

किचनच्या कपाटाच्या शटरची, म्हणजे दाराची, फॉइल कोपऱ्यातून सुटली की गोंद लावून दाबून टाकावंसं वाटतं. जरा थांबा. आधी सगळी शटर उघडा, प्रत्येकाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा आणि कुठे काय सुटलंय ते लिहून काढा. सुटण्याचं कारण तिथेच सापडतं. ओव्हन, किटली किंवा डिशवॉशरच्या शेजारचंच शटर सुटलं असेल, तर ते उष्णतेचं किंवा वाफेचं काम. पीव्हीसीची ही पातळ फॉइल गरम करून, हवा ओढून एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डवर, बसवलेली असते. पुन्हा तशीच गरम होत राहिली की गोंद सैल पडतो. सिंकखालचं शटर सुटलं असेल तर आधी गळती शोधा.

आता खरी परीक्षा. सुटलेल्या फॉइलखालचा एमडीएफ नखाने दाबून बघा. कडक आणि सपाट असेल तर शटर वाचेल. फुगलेला, भुसभुशीत लागला तर त्याचा नाद सोडा. फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही, आणि त्यावर केलेली मेहनत वाया जाते.

फॉइल नुकतीच सुटली असेल आणि कडेपर्यंत पुरत असेल, तरच चिकटवण्याचा विचार करा. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून, डब्यावर लिहिलेला वेळ थांबून मग दाबायचं असतं. त्याची वाफ पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. फॉइल आक्रसून आखूड झाली असेल तर ती ओढून बसवू नका, पूर्ण काढा. त्यासाठी हेअर ड्रायर किंवा कमी तापमानावरची हीट गन लागेल. फॉइल मऊ होईल इतकंच तापवा, कारण करपलेल्या पीव्हीसीचा धूर घातक असतो. नंतर रंग द्यायचा तर पॉलिश पेपर, धुळीसाठी चांगला मास्क आणि एमडीएफला चालणारा प्रायमर आणून ठेवा. पाण्याचा प्रायमर कच्च्या एमडीएफचे तंतू उभे करतो, म्हणून सॉल्व्हंटचा बरा. कडा जास्त पितात, तिथे एक हात वाढीव धरा.

नवी शटर करून घ्यायची असतील तर मापं मिलिमीटरमध्ये आणि प्रत्येक शटरची वेगळी घ्या. सारखी दिसणारी दोन शटरसुद्धा दोन-तीन मिलिमीटरने चुकतात. बिजागरीची गोल वाटी शटरमध्ये जिथे बसते ते भोक बहुधा 35 मिमीचं असतं, पण त्याचा मध्य कडेपासून आणि वरून किती अंतरावर आहे ते मोजायला विसरू नका. इथे चूक झाली तर शटर बसतच नाही. रंगाचा नमुना आधी मागवून जुन्या शटरशेजारी दिवसाच्या उजेडात धरा. जुनी फॉइल पिवळी पडलेली असते, म्हणून एकच शटर बदललं तर ते उठून दिसतं.

काढताना प्रत्येक शटरच्या आत चिकटपट्टीवर नंबर घाला, तोच नंबर कपाटावर, आणि स्क्रू त्याच नंबरच्या पिशवीत. ओव्हनच्या बाजूला बसवायच्या उष्णतारोधक पट्ट्या आणि किटलीची नवी जागा, दोन्ही शटर परत लावण्याआधी ठरलेली हवीत.