लायब्ररी बिल्ड करायला बसण्याआधी

सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येणारा फंक्शनांचा संच, बांधायची तर कम्पायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तालुक्याला गेल्यावरच उतरवून आणा. गावातल्या टॉवरचा भरवसा धरू नका. उबुंटू लिनक्सवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एकच पॅकेज पुरे. त्यातून जीसीसी (हाच कम्पायलर), मेक (लागतील त्या कमांडा क्रमाने चालवणारा प्रोग्राम) आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइली (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या) येतात. सोबत ‘मॅनपेजेस-डेव्ह’ घ्या. कोणतं फंक्शन कुठल्या हेडरमध्ये आहे ते नेट नसताना तेच सांगतं. निघण्याआधी तिथेच जीसीसी आणि मेकला व्हर्जन विचारून बघा, नाहीतर एसटीचं भाडं वाया.

घरी आल्यावर फाइली वेगळ्या लावा. समजा सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरचे एकर-गुंठे करणारी लायब्ररी करायची आहे. फंक्शनं एका सी फाइलीत, त्यांची घोषणा हेडरमध्ये, वापरणारा प्रोग्राम तिसऱ्या फाइलीत. एकराचे 40 गुंठे हा आकडा एकाच जागी लिहा. मेकला काय कसं बांधायचं ते सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो; मेसेजमधून कॉपी केलेल्या मेकफाइलीत बहुतेक वेळा त्याच्या स्पेस झालेल्या असतात, तेवढं आधी तपासा.

जीसीसीला ‘डॅश सी’ देऊन ऑब्जेक्ट फाइल (कम्पाइल झालेला, पण अजून न जोडलेला तुकडा) काढायची आणि ‘एआर’ या प्रोग्रामने ती लायब्ररीच्या ‘लिबजमीन डॉट ए’ फाइलीत भरायची. नावाची सुरुवात ‘लिब’नेच हवी, कारण ‘डॅश एल जमीन’ म्हटलं की लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) तेच नाव शोधतो. लायब्ररी याच फोल्डरात आहे हे ‘डॅश एल’च्याच मोठ्या अक्षराने, पुढे टिंब देऊन सांगावं लागतं. शेअर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवतानाच जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या वाटेला सध्या जाऊ नका. ती कम्पाइल करताना वेगळे फ्लॅग, चालवताना ती कुठे ठेवली ते परत सांगा. चार फंक्शनांसाठी एवढी कटकट कशाला?

आता लाईनचं. डेस्कटॉपवर बिल्ड चालू असताना लाईन गेली की अर्धवट, कधी शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल मागे राहू शकते. मेक फाइलीच्या आत डोकावत नाही, फक्त वेळ बघतं. ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा (मूळ कोडपेक्षा) नवी दिसली की काम झालं समजून पुढे जातं आणि मग लिंकर भलतंच काहीतरी ओरडतो. म्हणून मेकफाइलमध्ये बांधलेल्या फाइली पुसणारं ‘क्लीन’ पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. त्याहून वाईट म्हणजे जुन्या मशीनचा बटन सेल मेलेला असणं. लाईन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, नेट नसल्याने आपोआप सुधरतही नाही. मग तुम्ही सोर्स बदलता, त्यावर जुनी तारीख पडते आणि मेक म्हणतं, सगळं अद्ययावत आहे! बहुतेक मशीनला सीआर 2032 सेल लागतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. तोवर बसल्याबसल्या आधी ‘डेट’ देऊन तारीख बघायची.

दुसऱ्या कुणाची मोठी लायब्ररी सोर्सवरून बांधायची असेल तर मे महिन्यातली दुपार टाळा. अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर गेला की लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो. रात्री लावा, मेकला ‘डॅश जे 2’, म्हणजे एकावेळी दोन कामं, पुरे.

आपली लायब्ररी पहिल्यांदा बांधताना मात्र ‘मेक डॅश एन’ द्या. कमांडा नुसत्या दिसतात, चालत नाहीत. त्यात ‘डॅश एल जमीन’ प्रोग्रामच्या फाइलीनंतर आलंय ना, ते बघा. आधी आलं असेल तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (फंक्शन सापडत नाही) हा एरर ठरलेला.